लॉकेटवाल्यांचं क्वांटम: एका व्हायरल मेसेजला उत्तर

"नोबेल विजेत्या शास्त्रज्ञांनी अखेर मान्य केलं!" अशी सुरुवात असलेला तो लांबलचक मेसेज तुमच्याकडेही आला असेल. सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर आला, मी डिलीट करत गेलो. पण साताऱ्याच्या आत्याने तो वाचून 'क्वांटम लॉकेट' मागवलं आणि "बघू या जरा" म्हणत डायबेटिसची संध्याकाळची गोळी बंद केली, हे आतेभावाकडून कळलं तेव्हा डोकं फिरलं. आत्या भोळीभाबडी नाही. उभी नोकरी बँकेत कॅशियर म्हणून केली, खोटी नोट नुसत्या बोटांनी ओळखायची. बाबा-बुवाच्या नावाने कोणी आलं असतं तर तिने दारातूनच कटवलं असतं. तिला गंडवायला 'विज्ञान' लागलं. फोनवर मला म्हणते, "अरे, नोबेलवाले खोटं बोलतील का?"

नोबेलवाले खोटं बोललेले नाहीत. ते जे बोलले ते मेसेजमध्ये नाही, एवढंच.

मेसेज बोलतो क्वांटमच्या नावाने, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनसारख्या अतिसूक्ष्म गोष्टींच्या भौतिकशास्त्राच्या. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. एक, इलेक्ट्रॉनकडे कोणी बघितलं की तो वागणं बदलतो, म्हणजे आपलं मन वास्तव घडवतं. हवं ते मनापासून मागा, मिळेल. दोन, दोन कण कितीही लांब गेले तरी जोडलेले राहतात, म्हणून विचारांनी दूरच्या माणसाला बरं करता येतं. तीन, सगळं विश्व कंपन आहे, शरीराचं कंपन बिघडलं की आजार होतो आणि क्वांटम लॉकेट ते ताळ्यावर आणतं. चार, क्वांटम मांजर एकाच वेळी जिवंत आणि मेलेलं असतं, म्हणजे मृत्यू हा भ्रम. पाच, क्वांटमचा पाया घालणारे शास्त्रज्ञ श्रोडिंगर आणि हायझेनबर्ग यांनी हे सगळं आपल्या उपनिषदांतून उचललं. शेवटी सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या नटराजाचा फोटो आणि जोडलेले हात.

हा क्रम मी पाळणार नाही. जिथे माणसाला इजा होऊ शकते तिथून सुरू करतो, म्हणजे तिसऱ्या मुद्द्यापासून.

लॉकेट मी हातात घेऊन पाहिलं. काळी, खडबडीत चकती, दहाच्या नाण्याहून थोडी मोठी, काळ्या दोरीत ओवलेली. सोबत चकचकीत कार्ड: 'स्केलर एनर्जी', 'निगेटिव्ह आयन', 'मोबाइल रेडिएशनपासून संरक्षण'. विक्रीच्या व्हिडिओत एक माणूस छोटं यंत्र अशा चकतीजवळ नेतो, पडद्यावरचा आकडा भराभर चढतो आणि तो म्हणतो, "बघा, ऊर्जा!" बघणाऱ्याला वाटतं, मीटर खोटं कसं बोलेल? आणि यातली मेख अशी की मीटर बहुतेक खरंच बोलत असतं.

चकतीला बॅटरी नाही, वायर नाही, ती तापत नाही. तरी तिच्याभोवतीच्या हवेत आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू-रेणू, तयार होत असतील तर कशाने? हवेच्या रेणूतून इलेक्ट्रॉन उडवायला ऊर्जा लागते, आणि ती फुकट येत नाही. दिवसरात्र, वर्षानुवर्षं असं करत राहणारी साधी गोष्ट एकच: किरणोत्सारी खनिज. थोरियम असलेल्या खनिजाची पूड अशा 'निगेटिव्ह आयन' वस्तूंमध्ये मिसळलेली सापडली आहे. म्हणजे मोबाइलच्या निरुपद्रवी लहरींपासून वाचायला म्हणून जे गळ्यात घालायचं, त्यातूनच अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवणारं रेडिएशन बाहेर पडू शकतं.

हे माझं डोकं नव्हे. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा आणि किरणोत्सार संरक्षण प्राधिकरणाने, म्हणजे एएनव्हीएसने, अशा दहा वस्तूंची यादीच जाहीर केली. त्यात लॉकेटं होती, झोपताना डोळ्यांवर बांधायचा मास्क होता, लहान मुलांचं ब्रेसलेटसुद्धा होतं. 'क्वांटम पेंडंट' हे नाव त्या यादीत आहे. प्राधिकरणाने उगाच घाबरवलेलं नाही. मोजलेलं रेडिएशन कमी आहे, पण वस्तू वर्षभर चोवीस तास अंगावर राहिली तर त्वचेसाठी त्यांच्याकडे ठरवलेली कडक मर्यादा ओलांडली जाऊ शकते, असं त्यांनी लिहिलं आणि आजपासून या वस्तू वापरू नका, असं लोकांना सांगितलं. विक्रीला तिथे कायद्यानेच बंदी आहे. आता लॉकेटवाले काय सांगतात? "अंघोळीलासुद्धा काढू नका."

कार्डावर 'निगेटिव्ह आयन' लिहिलेली चकती गळ्यात घालायची नाही, हे एवढ्यावरून ठरवता येतं. पण खरं सांगू का, आत्याच्या बाबतीत मला चकतीपेक्षा त्या बंद केलेल्या गोळीची जास्त भीती वाटली. आतेभावाने साखर तपासून आणली. आकडा इथे लिहीत नाही, पण रिपोर्ट बघून आत्याने कोणाशी वाद न घालता त्याच संध्याकाळी गोळी घेतली. डायबेटिस बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात आपल्याकडे १९५४ च्या जादुई उपायांविरोधातल्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणूनच कार्डावर 'डायबेटिस' हा शब्द कुठेही नाही, 'ऊर्जा संतुलन' आहे. डायबेटिसचं नाव घ्यायला ग्रुपवरचे काका-मामा आहेतच.

आणि ते कंपन. किती हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला किती वेळा? हा एक प्रश्न विचारा, समोरचा विषय बदलतो. खऱ्या क्वांटममध्ये आकडा असतो. एमआरआयच्या १.५ टेस्लाच्या चुंबकात तुमच्या अंगातल्या पाण्यातलं हायड्रोजनचं केंद्रक सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरीला प्रतिसाद देतं, त्यावरून गुडघ्याचा किंवा मेंदूचा फोटो निघतो. हे अस्सल क्वांटम आहे आणि तालुक्याच्या गावातही पोचलं आहे. आत जाण्यापूर्वी लॉकेट काढून ठेवायला सांगतात, ते वेगळं.

आता पहिला मुद्दा. मेसेजचा सगळा डोलारा यावर उभा आहे आणि सगळ्यात हास्यास्पदही हाच आहे, म्हणून जरा सविस्तर.

प्रयोग खरा आहे. १९८९ मध्ये जपानमध्ये हिताचीच्या प्रयोगशाळेत अकिरा तोनोमुरा यांच्या गटाने इलेक्ट्रॉन इतके विरळ सोडले की एका वेळी यंत्रात एकच असावा. प्रत्येकापुढे दोन वाटा. पडद्यावर एकेक ठिपका उमटतो, कुठेही, काही नेम नाही. पहिले शे-दोनशे ठिपके बघितले तर नुसता पसारा. हजारो झाले की त्यातून सरळ पट्टे वर येतात: इथे दाट, इथे जवळजवळ रिकामं, पुन्हा दाट. असे पट्टे दोन वाटांनी आलेल्या लाटा एकमेकींत मिसळल्या तरच पडतात. पण इलेक्ट्रॉन तर एकेकटाच आला होता! तो कोणाशी मिसळला? आणि कोणत्या वाटेने गेला हे टिपायची सोय केली की पट्टे नाहीसे. विचित्र आहेच. शंभर वर्षं भल्याभल्यांची झोप यानेच उडवली आहे.

पण 'बघणे' म्हणजे आत्याने डोळे उघडून बघणे नव्हे. इलेक्ट्रॉन कुठून गेला हे कळायला त्याच्यावर प्रकाश पाडावा लागतो किंवा वाटेत काहीतरी अडवं ठेवावं लागतं. त्या देवाणघेवाणीची खूण आजूबाजूला उरते. पट्टे जातात ते या खुणेमुळे. प्रयोगशाळेत माणूस असो, मांजर असो, नाहीतर सगळे जेवायला गेलेले असोत.

याचा पुरावा मला फार आवडतो, कारण त्यात बघणारा कोणी नाहीच. व्हिएन्नात आंटोन त्साइलिंगर आणि मार्कुस आर्न्ट यांच्या गटाने इलेक्ट्रॉनऐवजी चक्क सत्तर कार्बन अणूंचा रेणू घेतला. त्याचेही पट्टे पडतात. मग २००४ मध्ये त्यांनी तेच रेणू आधी लेझरने तापवून सोडले. तापलेली वस्तू स्वतःच प्रकाश फेकते, तसे हे रेणूही उडता उडता फेकू लागले. त्या प्रकाशातून रेणू कुठे आहे याची माहिती बाहेर गळते. जितकं जास्त तापवलं तितके पट्टे पुसट होत गेले आणि शेवटी गेले. तो प्रकाश कोणी पकडला नाही, कोणी वाचला नाही, निर्वात नळीच्या भिंतीत तो जिरून गेला. तरीही पट्टे गेले. इथे कोणाच्या मनाने काय घडवलं, ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने देतो. मोजमापाच्या क्षणी नेमकं काय होतं, अनेक शक्यतांतून एकच का उरते, यावर भौतिकवाल्यांचं आजही एकमत नाही. नोबेल मिळालेल्या युजीन विग्नर यांनी १९६१ मध्ये जाणिवेचा यात हात असावा असं गंभीरपणे लिहिलं होतं. पुढे त्यांनी स्वतःच ते मत सोडलं. मेसेजमध्ये पहिलं वाक्य येतं, दुसरं कधीच येत नाही.

आणि समजा, विग्नर बरोबर होते. तरी 'मनापासून मागा, मिळेल' यातून निघत नाही. १९२६ पासून, माक्स बोर्न यांच्या नियमापासून, हा सिद्धांत फक्त संभाव्यता सांगतो: इथे ठिपका पडण्याची शक्यता इतकी, तिथे तितकी. पुढचा ठिपका कुठे पडेल हे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्याला माहीत नसतं आणि ठरवता तर मुळीच येत नाही. भौतिकशास्त्रात 'तुमच्या इच्छेला इथे जागा नाही' असं इतक्या स्वच्छपणे सांगणारा दुसरा सिद्धांत शोधावा लागेल. मेसेजने नेमका तोच उलटा टांगला.

दुसरा मुद्दा, जोडलेले कण. २०२२ चं नोबेल अलँ अस्पे, जॉन क्लाउझर आणि याच त्साइलिंगर यांना या प्रयोगांसाठी मिळालं, हे मेसेजमधलं वाक्य शंभर टक्के खरं. पुढचं सगळं बंडल. चपलांचा जोड दोन खोक्यांत भरून एक पुण्याला आणि एक नागपूरला पाठवला, तर पुण्याचं खोकं उघडून डावी निघाली की नागपूरला उजवी आहे हे लगेच कळतं. यात गूढ काही नाही, ते आधीच ठरलेलं होतं. कणांचंही असंच काहीतरी असणार, असा आइनस्टाइनचा आग्रह होता. भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांनी १९६४ मध्ये गणिताने दाखवलं की सगळं आधीच ठरलेलं असेल तर दोन टोकांच्या उत्तरांचा मेळ एका मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही. प्रयोगात ती मर्यादा ओलांडली गेली. म्हणजे हे चपलांसारखं नाही. खरं आश्चर्य हे आहे, आणि मेसेजला त्याचा पत्ताच नाही.

पण चपलांऐवजी असे कण पाठवले, तर पुण्यातल्या माणसाला त्याच्या टोकाला काय दिसतं? हो, नाही, नाही, हो, नाही. नुसता गोंधळ. नागपूरकराने काय केलं याचा त्यात मागमूस नसतो. दोघांनी नंतर फोन करून वह्या पडताळल्या तरच मेळ दिसतो. यातून 'जेवलास का' एवढा निरोपसुद्धा धाडता येत नाही, मग आजार कुठला बरा करता? शिवाय ही जोडणी कमालीची नाजूक. २०१७ मध्ये चीनने उपग्रहावरून १२०० किलोमीटर अंतरावरच्या दोन केंद्रांवर अशा प्रकाशकणांच्या जोड्या उतरवल्या, तेव्हा सेकंदाला लाखो जोड्या सोडून साधारण एक हाती लागत होती. ऊबदार, ओल्या शरीरातल्या दोन मेंदूंमध्ये ती सातारा ते न्यू जर्सी टिकून राहते म्हणे.

मांजराचं एका वाक्यात: बंद पेटीत मांजर, सोबत एका अणूच्या भरवशावर फुटणारी विषाची कुपी आणि पेटी उघडेपर्यंत मांजर जिवंतही, मेलेलंही, हे उदाहरण श्रोडिंगर यांनी १९३५ मध्ये 'बघा, क्वांटमचा तुम्ही लावलेला अर्थ किती हास्यास्पद ठरतो' हे दाखवायला रचलं होतं, मांजर तसं असतं म्हणून नव्हे.

राहिला पाचवा. श्रोडिंगर यांना वेदान्ताचं मनापासून वेड होतं, आयुष्यभर होतं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. मान्य. पण त्यांचं १९२६ चं समीकरण आलं ते फ्रेंच शास्त्रज्ञ द ब्रॉय यांच्या १९२४ च्या कल्पनेवरून, कणांनाही लाट असते या. हायझेनबर्ग भारतात येऊन रवींद्रनाथांना भेटले, हेही खरं. ती भेट १९२९ ची. त्यांचा अनिश्चिततेचा सिद्धांत १९२७ मध्येच छापून झाला होता. भेटीच्या दोन वर्षं आधी भेटीतून सिद्धांत सुचतो, हे मात्र खरोखर अद्भुत आहे. सर्नमधला नटराज २००४ मध्ये भारत सरकारने भेट दिलेला आहे. भेट मिळालेली मूर्ती त्यांनी आवारात नीट मांडली, त्यात काय सिद्ध झालं?

मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. भारताचा क्वांटमशी संबंध दाखवायला एवढी ओढाताण करायची गरजच नाही. केंद्राने २०२३ मध्ये सहा हजार कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, त्यातलं सेन्सिंगचं, म्हणजे अतिसूक्ष्म मोजमापाचं, केंद्र आपल्या पवईच्या आयआयटीत आहे. आणि त्याच्या नव्याण्णव वर्षं आधी, १९२४ मध्ये, ढाक्याच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशकण मोजण्याची नवी रीत काढून निबंध थेट आइनस्टाइनला पाठवला. आइनस्टाइनने तो स्वतः जर्मनमध्ये उतरवून छापायला दिला. विश्वातले सगळे मूलभूत कण दोन घराण्यांत बसतात, त्यांपैकी एकाचं नाव आजही बोसॉन आहे. एवढ्या लांब मेसेजमध्ये बोस यांचं नाव एकदाही नाही. त्यांच्या नावावर लॉकेट खपत नसेल.