‘स्थानिक पोरांना काम नको’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

‘एक शिरोलीकर’ या नावाने तुम्ही मागच्या लेखाखाली जे लिहिलंत, त्याला दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं मला पटेना, म्हणून सविस्तर लिहिते. ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कोल्हापूरच्या कारखानदाराला माणूस मिळत नाही आणि राधानगरी-भुदरगडच्या आयटीआय झालेल्या पोराला काम मिळत नाही, या दोन्ही तक्रारी एकाच वेळी खऱ्या आहेत, असं मी म्हटलं होतं. कारखान्यांनी शिकाऊ उमेदवार घ्यावेत आणि त्यासाठी जिल्ह्यातल्या सरकारी यंत्रणेचा हक्काने वापर करावा, असं सुचवलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं:

“ताई, लेख वाचायला बरा आहे. माझी अठरा माणसांची फौंड्री (धातू ओतायचा कारखाना) आहे, पलीकडे दोन सीएनसी मशीन. इथल्या पोरांना काम नकोय, त्यांना पोलीस भरती पाहिजे नाहीतर पुणे. शिकवलं की वर्षात पळतात. रोजगार मेळाव्याला गेलो, चाळीस अर्ज घेऊन आलो, कामाला आला एक, तोही पंधरा दिवसांत गेला. बिहारची, ओडिशाची माणसं आहेत म्हणून भट्टी पेटते. आणि शिकाऊ उमेदवार घेणं प्रत्येकाला बंधनकारक आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं? लिहिणं सोपं आहे, पगार आम्ही देतो.”

बंधनकारक असल्याचा मुद्दा आधी घेते, कारण तिथं चूक माझी आहे. मी ‘प्रत्येक कारखान्याला बंधनकारक’ असं सरसकट लिहून गेले. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा. त्याच्या नियमांत २०१९ मध्ये बदल झाले, तेव्हापासून कंत्राटी धरून ३० किंवा जास्त माणसं असतील तिथं ते बंधनकारक आहे. ४ ते २९ माणसं असतील तर मालकाच्या मर्जीवर. म्हणजे तुमच्यावर सक्ती नाही. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. पण सक्ती नसली तरी वाट मोकळी आहे. एकूण माणसांच्या १५ टक्क्यांपर्यंत उमेदवार घेता येतात, त्या हिशोबाने तुमच्या अठरा जणांवर दोघं बसतात. त्याच नियमांनी आयटीआय झालेल्या उमेदवाराचं किमान विद्यावेतन ७,००० रुपये ठरवलं, आणि केंद्राच्या योजनेत त्यातला पाव हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार उचलतं.

आता मुख्य गोष्ट, पोरं टिकत नाहीत ही.

मी गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात अकरा वर्षं मनुष्यबळ विभाग सांभाळला. आता छोट्या युनिटची शिकाऊ उमेदवारांची कागदपत्रं बघते, हे माझ्या पोटापाण्याचं काम आहे हेही सांगून ठेवते. त्या अकरा वर्षांतलं एक पोरगं मला कायम आठवतं. राधानगरी तालुक्यातलं, टर्नरचं दोन वर्षांचं आयटीआय चांगल्या मार्कांनी झालेलं. नवव्या दिवशी यायचं बंद झालं. सुपरवायझर म्हणाला, “मॅडम, ह्यांना काम नकोच असतंय.” तुमचंच वाक्य. मीही तेच मानून चालले होते, पण का कोण जाणे, त्या दिवशी फोन लावला. आईने उचलला, म्हणाली ऊस भांगलायला गेलाय. संध्याकाळी त्याने स्वतः फोन केला.

झालं होतं असं. आयटीआयमध्ये त्याचं बरंचसं शिक्षण साध्या लेथवर झालं होतं, सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, हात थोडाच बसला होता. इथं आठव्या दिवशी दुसऱ्या शिफ्टला ऑपरेटर आला नाही म्हणून त्याला मशीनवर उभं केलं. जॉब किंचित मोठा येत होता. ऑफसेटमध्ये, म्हणजे मशीनला द्यायच्या मापाच्या दुरुस्तीत, ०.०५ मिमी कमी करायचे होते, त्याने ०.५ केले. सहा कास्टिंग (ओतून केलेले जॉब) भंगारात गेल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं. सगळ्या शॉपसमोर त्याला बोलले आणि ‘पगारातून कापणार’ असंही कुणीतरी म्हणालं. शिफ्ट रात्री बाराला सुटली, एसटी नव्हती. सकाळपर्यंत तो स्टँडवर बसून होता. तिथून जो घरी गेला तो कामावर यायचा बंद झाला.

दादा, त्या पोराला काम नको होतं असं तुम्ही म्हणाल का? मला म्हणवलं नाही.

मी मालकांशी बोलले. पुढच्या उमेदवारापासून आम्ही तीन गोष्टी बदलल्या. पहिला आठवडा मशीनला हात नाही, फक्त ड्रॉइंग वाचायचं आणि भंगारातले जॉब व्हर्नियर-मायक्रोमीटरने मोजून वहीत लिहायचे. पहिले तीन आठवडे ऑफसेटमध्ये कुठलाही आकडा टाकण्याआधी तो वहीत लिहून सेटरची, म्हणजे मशीन लावून देणाऱ्या जाणत्या कामगाराची, सही घ्यायची. आणि पहिले तीन महिने एकच शिफ्ट, सकाळची. खर्च म्हणाल तर एका वहीचा आणि सेटरच्या रोजच्या वीस मिनिटांचा. सेटर सुरुवातीला कुरकुरला. त्याला महिन्याला थोडे पैसे वाढवून दिले आणि त्याच्या वहीवर ‘उस्ताद’ असं छापलं, तेव्हा त्याचा नूर पालटला. पैशापेक्षा त्याला त्या शब्दाचं जास्त वाटलं, असं मला आजही वाटतं.

तो पोरगाही परत आला. दोन वर्षं राहिला. आता चाकणला आहे, हे लपवत नाही. तुम्ही म्हणता तसंच झालं, शिकला आणि गेला. पण ती दोन वर्षं त्याने मशीन चालवलं, रिजेक्शन खाली आणलं, आणि जाताना त्याच्याच गावातली दोन पोरं त्याने आणून दिली, त्यातला एक अजून तिथंच आहे. गावात ‘तिथं शिकवतात, तिथं अंगावर ओरडत नाहीत’ एवढी बातमी पोहोचली की मेळाव्याच्या चाळीस अर्जांची गरज उरत नाही. शिकून गेलेल्या पोरामुळे तुमचं नुकसान झालं असं मी मानत नाही. तो न शिकता नवव्या दिवशी कायमचा गेला असता, तर झालं असतं.

मेळाव्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते मात्र मला बरंचसं मान्य आहे. एका मांडवात शंभर टेबलं, पोरगं बायोडेटाच्या झेरॉक्स वाटत फिरतंय, कंपनीचा माणूस गठ्ठा घेऊन परत जातोय, यातून ओळख होते, नेमणूक क्वचित. राज्याच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही २०२४ पासून पोरांच्या खात्यात महिन्याला सहा, आठ, दहा हजार शिक्षणाप्रमाणे जमा झाले, चांगली गोष्ट झाली. पण आत गेल्यावर त्याला कोण शिकवणार, हा प्रश्न कारखान्याच्या दारातच राहिला. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राकडे नोंदणी आहे, महास्वयम पोर्टल आहे, कळंब्याला आयटीआय आहे. पोरगं आणि कारखाना यांची गाठ घालून देईपर्यंत ही यंत्रणा आहे. गाठ पडल्यानंतरच्या नव्वद दिवसांत तिथं कुणीच नसतं. माझा मूळ लेख इथंच कमी पडला. मी यंत्रणा वापरा म्हटलं, पण यंत्रणा जिथं संपते तिथून पुढे काय करायचं ते लिहिलं नाही.

तेच आता लिहिते. अठरा माणसांच्या मालकाला मनुष्यबळ विभाग ठेवणं परवडत नाही. तुम्हीच सकाळी स्क्रॅपचा ट्रक उतरवून घेता, दुपारी जीएसटी बघता, संध्याकाळी गिऱ्हाइकाचा फोन घेता. शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर उमेदवाराचा करार चढवायला बसलं की आधारवरचं नाव आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव जुळत नाही, ओटीपी पोराच्या बंद पडलेल्या नंबरवर जातो, आणि तुम्ही वैतागून सोडून देता. यात तुमचा आळस नाही, हे काम एका मालकाचं नाहीच. शिकाऊ उमेदवारी कायद्यातच सोय आहे की अनेक मालकांनी एकत्र येऊन, स्वतः किंवा एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत, उमेदवारांना आपापल्या कारखान्यांत फिरवून शिकवावं. म्हणजे शिरोली-नागावच्या दहा छोट्या फौंड्री आणि मशीन शॉपनी मिळून वीस पोरं घेतली, तर एक पोरगं चार महिने मोल्डिंग-कोअरवर (साचे बनवण्यावर), चार महिने फेटलिंग (ओतलेल्या जॉबची सफाई) आणि तपासणीवर, चार महिने मशीन शॉपमध्ये शिकू शकतं. आणि दहा जणांनी महिन्याला अडीच-अडीच हजार घातले तर पंचवीस हजारांत एक माणूस ठेवता येतो. करार, विद्यावेतन, आयटीआयशी बोलणं त्याने करायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पोरगं एक दिवस आलं नाही की त्याच संध्याकाळी फोन लावायचा. आपल्याकडे कारखानदारांच्या संघटना आहेत: शिरोलीला स्मॅक आहे, गोकुळ शिरगावला गोशिमा आहे, उद्यमनगरात इंजिनिअरिंग असोसिएशन आहे. अशा संघटना नसलेल्या जिल्ह्यांना हे जमवणं अवघड जाईल. आपल्याला तशी अडचण नाही.

विद्यावेतनाबद्दल माझं ठाम मत आहे. सात हजार हा २०१९ च्या नियमांतला किमान आकडा, तेवढेच द्या असं कायदा म्हणत नाही. गारगोटीहून आलेल्या पोराला कॉटबेसिसवर खोली, डबा आणि प्रवास यातून काय उरणार? एवढ्यावर त्याला ठेवायचं आणि मग ‘टिकत नाहीत’ म्हणायचं, हे बरोबर नाही. ओव्हरटाइम करवून भरपाई करू म्हणाल, तर परवानगीशिवाय उमेदवाराला ओव्हरटाइम लावता येत नाही. आणि फौंड्रीत पोराला इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची असते, तेव्हा बूट, गॉगल, एप्रन पहिल्या दिवशी मिळायला हवेत, महिना झाल्यावर नव्हे.

राहण्याचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगते, ती कोल्हापूरकराला नवी नाही. खेड्यातली पोरं शाळा-कॉलेजात येत नाहीत, तेव्हा ‘त्यांना शिकायचंच नाही’ असं शाहू महाराज म्हणाले नाहीत. १९०१ मध्ये त्यांनी मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उभं केलं, मग एकेका समाजासाठी वसतिगृहं निघत गेली आणि पोरं आली. एमआयडीसीच्या जवळ शिकाऊ पोरांसाठी, आणि वेगळं मुलींसाठी, राहण्याची साधी सोय झाली तर काय होईल याचा विचार करा. मुलींचं मी मुद्दाम म्हणते. तपासणी विभागात आणि सीएनसीवर ज्या थोड्या मुली मी बघितल्या त्यांच्या वह्या सगळ्यांत नीट असायच्या. त्या सोडून गेल्या त्या कामामुळे नाही, संध्याकाळच्या प्रवासामुळे.

बिहार-ओडिशाहून आलेल्या माणसांबद्दल मी मूळ लेखात एक अक्षर वावगं लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही. भट्टीसमोरचं सगळ्यात कष्टाचं काम ते करतात. पण २०२० च्या मे महिन्यात ती माणसं गावी गेली तेव्हा आपली काय अवस्था झाली, हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून बघितलं असेल. शिवाय पहिले तीन महिने नीट शिकवण्याची गरज त्यांनाही तेवढीच आहे. त्यांनाही कुणी शिकवत नाही, फक्त घर लांब असल्याने ते नवव्या दिवशी निघून जाऊ शकत नाहीत.

माझे वडील उद्यमनगरात मोल्डर, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे साचे (मोल्ड) करणारे, होते. वाळू तयार झाली की नाही हे ते मूठभर वाळू दाबून, तो मुटका मधोमध मोडून सांगायचे. कडा स्वच्छ मोडली तर वाळू बरोबर. बोटांना ओल लागली तर पाणी जास्त, म्हणजे कास्टिंगमध्ये ब्लो-होल, वाफेने पडलेली पोकळी, येणार. कडा भुसभुशीत पडली तर मोल्ड धरणार नाही. आता वाळूची ओल मोजायला यंत्रं आहेत, पण छोट्या फौंड्रीत अजून मुठीवरच भिस्त असते, आणि ब्लो-होल दिसतं ते बऱ्याचदा मशीनवर गेल्यावर, सगळा खर्च होऊन गेल्यावर. वडिलांना हे शिकवलं त्यांच्या उस्तादांनी, शेजारी उभं करून. कोल्हापूरच्या यंत्रउद्योगाचे जुने जाणते म्हादबा मेस्त्री यांच्या काळापासून उद्यमनगर असंच शिकत आलं, ऑइल इंजिनं आणि उसाचे चरखे त्यातूनच घडले. वडील निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या हाताखाली शिकणारं कुणी नव्हतं. त्यांनी दोनदा मालकांना सांगितलं होतं, एखादं पोरगं द्या म्हणून. शेवटच्या दिवशी नारळ आणि शाल घेऊन घरी आले आणि बराच वेळ हात बघत बसले होते.

म्हणून तुमच्या प्रतिक्रियेचा मला राग आला नाही, उलट काळजी वाटली. पगार तुम्ही देता, जोखीम तुमची असते, हे अगदी खरं आहे. माझी एक विनंती आहे. तुमच्या सुट्टीच्या दिवशी ओळखीच्या चार-पाच कारखानदारांना घेऊन भेटा, नागाव फाट्यावर कुठेही बसू. येताना तुमच्या अठरा जणांपैकी येत्या तीन वर्षांत कोण निवृत्त होणार आणि त्यांच्या हाताखाली आज कोण आहे, एवढं एका कागदावर लिहून आणा. कराराचे आणि नियमांचे कागद मी आणते.