‘घर गार आणि चूल विझलेली’ या आपल्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्लिफडेनजवळच्या आमच्या घरात आपण जूनमध्ये सहकुटुंब तीन रात्री राहिलात आणि दोन तारे देऊन सविस्तर अभिप्राय लिहिलात. न्हाणीघरात गरम पाणी यायला वेळ लागला आणि भरती आल्यामुळे आपल्याला ओमी बेटाच्या अलीकडूनच परतावे लागले, याबद्दल मनापासून क्षमा मागते. बेटावर ओहोटीतच वाळूवरून चालत जाता येते. त्या वेळा मी आधी कळवायला हव्या होत्या.

मात्र ‘मालकीण चूल विझवून निघून गेली आणि आम्हाला बर्फासारख्या गार घरात यावे लागले’ हे वाक्य वाचून फार वाईट वाटले. घर ताब्यात देण्याची वेळ दुपारी 4 ते रात्री 8 अशी ठरली होती. मी साडेतीनलाच येऊन चूल पेटवली, कारण दगडी भिंती दोन-दोन फूट जाडीच्या आहेत आणि त्या तापायलाच काही तास लागतात. आपला निरोप 8:40 ला आला, की आत्ता मोहरच्या समुद्रकड्यांवरून निघत आहोत. तिथून इथे यायला अडीच-पावणेतीन तास लागतात. जूनमध्ये आमच्याकडे सूर्य दहानंतर मावळतो, त्यामुळे उजेड पाहून नवख्या माणसाचा वेळेचा अंदाज चुकतो, हे मी समजू शकते. तरीही मी सव्वादहापर्यंत थांबले. घरी आजारी सासूबाई एकट्या होत्या, म्हणून अखेर निघावे लागले.

आता चुलीविषयी. हे घर गवताने शाकारलेले आहे आणि तसल्या छपराखाली रिकाम्या घरात पेटता जाळ सोडून जाणे मला शक्य नव्हते. अशा घरांना विमा देणाऱ्या कंपन्या आधीच मोजक्या आहेत, आणि विम्याचे सोडा, माझ्या नवऱ्याच्या आजीचे ते घर आहे. म्हणून इथल्या जुन्या रीतीप्रमाणे मी निखारे एकत्र ओढून राखेखाली झाकले आणि पुढे जाळी लावली. कोकणात माझी आजीही रात्री विस्तव असाच राखून ठेवत असे. राख बाजूला सारून वर टर्फचे, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीचे, दोन तुकडे ठेवले की काही मिनिटांत आच धरते, असे मी मराठीतच चिठ्ठीवर लिहून ती किटलीखाली ठेवली होती. सकाळी आठला मी सोडा ब्रेड घेऊन आले तेव्हा चिठ्ठी तशीच होती आणि राखेत चिमटा घातल्यावर खाली लाल निखारे निघाले. आपण तेव्हा झोपलेले होतात, म्हणून दार न वाजवता ब्रेड उंबऱ्याशी ठेवून परतले.

टर्फची एकच टोपली ठेवल्याचेही आपण लिहिले आहे. 31 ऑक्टोबर 2022 पासून टर्फ दुकानांतून विकता येत नाहीत. आमचे टर्फ आम्ही घरच्या वाट्याच्या दलदलीत वसंतात कापतो, उलटसुलट करून वाळवतो आणि उन्हाळा सरता सरता घरी आणतो, म्हणून जपून वापरतो. तरी मागितली असतीत तर दुसरी टोपली आनंदाने दिली असती. खिडक्या लहान असल्याने पलंगावरून समुद्र दिसत नाही, हे खरे आहे. अटलांटिकचा वारा घरात शिरू नये म्हणून जुन्या लोकांनी त्या तशाच ठेवल्या, आणि मी त्या मोठ्या करणार नाही.

यापुढे झोपण्याच्या खोल्यांत विजेचे हीटर ठेवू, भरती-ओहोटीचे वेळापत्रक भिंतीवर लावू आणि पाण्याचेही लवकरच काहीतरी करू.

आमचा हंगाम चार-पाच महिन्यांचाच असतो. आपला अभिप्राय वाचून ऑगस्टमध्ये येणाऱ्या एका कुटुंबाने मला विचारले, की तुम्ही पाहुण्यांना असेच सोडून जाता का. तारे दोनच राहू द्यावेत, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. फक्त मी चूल विझवून गेले हे एक वाक्य आपण दुरुस्त करावे, एवढी विनंती आहे.