दारातला जोडीदार

सेलमध्ये दोनशे रुपयांत मिळाला म्हणून मी तो पोलिसांचा व्हिडिओ गेम घेतला, खोटं कशाला बोलू. पण सुरू केला आणि विरघळलोच. १९८५चं लॉस एंजेलिस, ताडांमागे बुडणारा गुलाबी सूर्य, सिंथेसायझरची धडधड, आणि माझ्या पोलिसाच्या मिशा अशा झुपकेदार की आमच्या मामांच्या मिशा त्यांवरून ओवाळून टाकाव्यात. पहिली दहा मिनिटं मी नुसता मेनूच बघत बसलो. (तिथेच थांबायला हवं होतं.)

नियम साधा. दार उघडायचं, "पोलीस! हात वर!" असं ओरडायचं, हात वर झाले की बेड्या. न ओरडता गोळी घातली की गुण कापतात. हे मला नवं नाही. २००५चा 'स्वॉट ४' मी सायबर कॅफेत तासावारी पैसे मोजून खेळलोय, त्यातही हेच होतं. पण त्यातली पोरं गुणी. दाराखालून कॅमेरा सरकव म्हटलं की सरकवायची, दाराला पाचर मार म्हटलं की मारायची.

इथला माझा जोडीदार, ज्याला कॉम्प्युटरच चालवतो, दारात उभा राहतो. विरार लोकलच्या दारातले निदान दादर आलं की सरकतात! हा "रॉजर!" म्हणतो आणि चौकटीला खांदा घासत जागच्या जागी चालत राहतो. त्याच्या बगलेतून मला आतला चोर दिसतो. मी ओरडतो, चोर हात वर करतो. आता बेड्या घालायला जाऊ कुठून? थोड्या वेळाने चोरालाच कंटाळा येतो, तो टाकलेलं पिस्तूल उचलतो, मी घाईत गोळी झाडतो आणि ती जोडीदाराच्या पाठीत. गुण गेले, मोहीम गेली, परत पहिल्यापासून. मधे सेव्ह करायची सोय नाही.

खऱ्या लॉस एंजेलिस पोलिसांनी दाराचा प्रश्नच ठेवला नव्हता. फेब्रुवारी १९८५मध्ये त्यांनी चिलखती गाडीला १४ फुटी पोलादी ओंडका लावून शहरातल्याच पकोइमा भागातल्या एका घराची भिंतच फोडली. कोकेनचा अड्डा असल्याचा संशय होता. आत दोन बायका आणि तीन पोरं आईस्क्रीम खात होती. तेव्हा केवढी नाचक्की झाली असेल! पण मला आता तो ओंडका हवाय.

काल रात्री अकराव्या खेपेला माझा तोल गेला. "अरे, सरक की बाजूला, मेल्या! दारात काय उभा राहतोस!"

हातात दुधाचं पातेलं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे असलेले सासरे मुकाट बाजूला झाले.

जोडीदार अजून तिथेच आहे.