मणक्यातली गाठ आणि फिरत्या मेसेजमधली पाच वाक्यं

'मणक्यात गाठ निघाली म्हणजे कॅन्सरच. सुई लावली की ती पसरते. ऑपरेशन केलं की माणूस जन्माचा लुळा. जाणत्याकडून पाठ चोळून घ्या, काढा घ्या, गाठ विरघळते. दवाखान्याच्या नादाला लागून घरदार विकू नका.' हा मजकूर सध्या कोल्हापुरात भिशीच्या ग्रुपपासून तालमीच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरतोय. वर जोडलेले हात, खाली 'पुढे पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल'. मी फिजिओथेरपिस्ट आहे. या ऑपरेशननंतर पुन्हा उभं राहायला शिकणारी माणसं रोज बघते. हा मेसेज वाचून जीव वाचायचा राहू दे, कुणाचे तरी पाय जातील. म्हणून एकेक वाक्य घेते.

'गाठ म्हणजे कॅन्सरच.' नाही. गाठ कुठे आहे, त्यावर बरंच ठरतं. मणक्यांच्या आतून मज्जारज्जू, म्हणजे नसांचा जाड दोर, जातो. त्याला बाहेरून आवरण असतं. या आवरणाच्या आत, पण रज्जूच्या बाहेर वाढणाऱ्या मेनिंजिओमा आणि श्वानोमा या गाठी बहुतेक वेळा साध्या असतात, वर्षानुवर्षं सावकाश वाढतात. पूर्ण निघाल्या तर सहसा पुढे केमो, रेडिएशन काही लागत नाही. खुद्द रज्जूत होणाऱ्या गाठी कमी आढळतात. त्यातला एपेंडिमोमा बऱ्याचदा कडेने सोडवून काढता येतो. अ‍ॅस्ट्रोसायटोमा रज्जूत मिसळलेला असतो, तिथे सगळा काढायचा हट्ट सर्जन धरत नाहीत. मेसेजवाल्याचं म्हणणं लागू पडतं ते मणक्याच्या हाडातल्या बऱ्याच गाठींना. स्तनाचा, फुप्फुसाचा, प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात येऊन बसतो आणि बाहेरून रज्जू दाबतो. पण त्यावरही उपचार आहेत, आणि तेही घाईने करायचे असतात. शिवाय आपल्याकडे मणक्याचा टीबीही असतो. पाठदुखी तीच, पायातली कमजोरी तीच, आणि बरेच जण नुसत्या गोळ्यांचा कोर्स पूर्ण करून बरे होतात. टीबीच्या माणसाला कॅन्सर समजून घरी बसवलं, तर काय म्हणायचं?

'सुई लावली की पसरते.' टीबी की कॅन्सर, कॅन्सर असेल तर कुठला, हे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासल्याशिवाय बऱ्याचदा कळत नाही. सुईमुळे पसरण्याचा धोका फारच थोडा, तोही मोजक्या प्रकारांत. त्या प्रकारांची शंका असेल तर सुईची वाट आधीच आखून घेतात.

आता 'ऑपरेशन केलं की लुळा'. लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते याला. मज्जारज्जूवरची गाठ काढून माणूस पुन्हा चालायला लागल्याची पहिली गाजलेली नोंद १८८७ सालची, लंडनची. विल्यम गॉवर्स यांनी निदान केलं, व्हिक्टर हॉर्स्ले यांनी गाठ काढली. तेव्हा एमआरआय नव्हता, साधा एक्स-रेही नव्हता. आज मायक्रोस्कोप आहे, आणि ऑपरेशन चालू असताना नसांमधून संदेश जातोय की नाही हे सतत दाखवणारं यंत्रही बऱ्याच ठिकाणी असतं. धोका नाही असं मी म्हणणार नाही. गाठ रज्जूच्या आतली असेल तर ऑपरेशननंतर काही दिवस, काही आठवडे पाय आधीपेक्षा जड वाटू शकतात. काहींची कमजोरी कायमचीही राहते. पण ऑपरेशनला जाताना माणूस कोणत्या अवस्थेत होता, यावर पुढचं सगळ्यात जास्त अवलंबून असतं. चालत गेलेला बहुतेक वेळा चालत येतो. पाय पूर्ण गेल्यावर स्ट्रेचरवरून नेलेल्याचे पाय परत येणं अवघड.

कागलकडच्या एक मावशी माझ्याकडे येत होत्या. 'पायातली चप्पल कवा निसटली कळलंच न्हाई बघा मॅडम. मागनं पोरगं वरडत आलं, आज्जी चप्पल!' चप्पलच सैल झाली असं वाटून त्यांनी चांभाराकडून अंगठा घट्ट करून घेतला. नवा अंगठा घालूनही चप्पल मागेच राहायची. छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं व्हायचं, त्याला पित्त म्हणून गोळ्या झाल्या. शेवटी एमआरआयमध्ये पाठीच्या मधल्या भागात मेनिंजिओमा दिसला. ऑपरेशन झालं, आधी वॉकर, मग काठी. आता शेताच्या बांधावरनं बिनकाठीच्या फिरतात. फोटो पाठवतात, चपलेसकट.

अशी लक्षणं ओळखायला यावीत. झोपल्यावर किंवा रात्री वाढणारी पाठदुखी, पाय लटपटणं, शर्टाचं बटण लावता न येणं, कमरेखाली मुंग्या येणं. पाय झपाट्याने जड होत असतील, लघवी अडत असेल किंवा बसायची जागा बधिर वाटत असेल, तर सकाळची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि एक्स-रे नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका; रज्जू आणि त्यावरची गाठ एक्स-रेत दिसत नाही.

'चोळून घ्या, काढा घ्या.' निखळलेला खांदा वस्तादांनी बसवला असेल, त्यावर मी वाद घालत नाही. कोल्हापुरात राहून घालणारही नाही. पण ही गाठ हाडाच्या नळीत असते, तिथे कुणाचा अंगठा पोचत नाही. कॅन्सरने किंवा टीबीने पोखरलेल्या मणक्याला झटका दिला, तर मणका ढासळून रज्जूवर बसू शकतो. काढ्याने अशी गाठ विरघळत नाही, वेळ मात्र जातो. घरोघरी देतात त्या शेकाचंही तसंच. बधिर कातडीवर गरम पाण्याची पिशवी ठेवली, की माणसाला कळत नाही आणि फोड येतात. ते भरायला महिने लागलेले मी पाहिलेत.

'घरदार विकू नका.' विकूच नका. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. सीपीआरमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, किंवा यादीतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या माणसाला, आधी विचारा: हेच ऑपरेशन इथे योजनेत बसतं का? चौकशीचा नंबर १५५३८८. कॅन्सर असेल आणि मुंबईला टाटा हॉस्पिटलला जायचं असेल, तर दवाखान्याच्या दाखल्यावर रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीला पेशंटचं तिकीट माफ असतं, सोबत्याला ७५ टक्के सवलत. महालक्ष्मी एक्सप्रेसचं बुकिंग करण्याआधी तो फॉर्म भरून घ्या. साध्या गाठीला ही सवलत मिळत नाही.

सांभाळणाऱ्यांबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. बहुतेक घरांत ती बायको नाहीतर सून असते. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा आणि माकडहाड रोज उजेडात बघायचं, लघवीची नळी, पोट साफ व्हायची ठरलेली वेळ. एकटीने हे झेपत नाही. भेटायला येणाऱ्या दिराला शहाळं आणायला सांगण्यापेक्षा रात्रीची एक पाळी द्या.

कमजोरी राहिलीच, तर ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाच्या दाखल्यावर बऱ्याच सवलती मिळतात. आणि व्हीलचेअरवरून संसार, नोकरी करणारी माणसं याच शहरात आहेत. स्वतः व्हीलचेअरवर असलेल्या नसीमा हुरझूक यांनी १९८४ साली इथेच हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. अशा माणसांशी तासभर बोलून घरच्यांना जो धीर येतो, तो माझ्या व्यायामाच्या कागदाने येत नाही.

डिस्चार्जच्या आधी मात्र कूस बदलणं, नळी घालणं, खुर्चीत बसवणं हे सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने करून दाखवा. नुसतं बघून घरी जाऊ नका. आणि घरातल्या दोघांनी तरी शिका.