हाडांची औषधं बंद करायला सांगणारा मेसेज

‘साठीनंतर पुरुषांची हाडं ठिसूळ होतात ती टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन आटल्यामुळेच. रक्त तपासा, कमी निघालं की त्याचं जेल सुरू करा, हाडांची औषधं बंद करा. डॉक्टर हे सांगणार नाहीत.’ हा मेसेज फिरत फिरत माझ्या काकांपर्यंत पोहोचला आणि ते आपलं सहामाही इंजेक्शन टाळायला निघाले, म्हणून लिहावं लागतंय.

आधी औषधं बंद करण्याचंच बघू. काकांचं इंजेक्शन हाडांची झीज दाबून ठेवणाऱ्या डेनोसुमॅबचं. त्याच्या जागी दुसरं औषध सुरू न करता ते थांबवलं, तर दबून राहिलेली झीज उसळते आणि काहींचे एकाच वेळी दोन-तीन मणके पिचतात. मेसेज लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर त्याने सल्ले तरी देऊ नयेत.

आणि बदल्यात काय, तर जेल! टेस्टोस्टेरॉनने हाडांची घनता वाढते, खरं आहे. पण हाड मोडायचं टळतं का? ‘ट्रॅव्हर्स’ चाचणीत ४५ ते ८० वर्षांचे पाच हजारांवर पुरुष होते. सगळ्यांचं टेस्टोस्टेरॉन कमी, शिवाय हृदयविकार किंवा त्याचा मोठा धोका. साधारण निम्म्यांना खरं जेल दिलं, बाकीच्यांना बिनऔषधाचं. २०२४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेले आकडे असे: सुमारे तीन वर्षांत खरं जेल लावणाऱ्या ३.५ टक्के पुरुषांना फ्रॅक्चर झालं, दुसऱ्या गटात २.४६ टक्के. उलटच झालं की! ही माणसं ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) बघून निवडलेली नव्हती, मान्य. तरी एवढं वाचल्यावर हाडं वाचवायला जेलच्या भरवशावर कोण राहील?

याउलट झोलेड्रोनिक ॲसिड हे हाडांचं औषध बघा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ऑस्टिओपोरोसिस असलेले १,१९९ पुरुष होते. दोन वर्षांत बिनऔषधाच्या गटात ४.९ टक्के पुरुषांना मणक्याची नवी फ्रॅक्चर झाली, औषध घेणाऱ्यांत १.६ टक्के, आणि टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्यांनाही तसाच फायदा झाला.

‘आटल्यामुळेच’ हा शब्द तर सरळ खोटा. स्टेरॉइडच्या गोळ्या, दारू, ड जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, मायलोमा हा रक्ताचा कर्करोग, कितीतरी कारणं असतात. शिवाय पुरुषांच्या हाडांनाही इस्ट्रोजेन हे बायकांचं समजलं जाणारं हार्मोन लागतं, आणि ते शरीर मुख्यतः टेस्टोस्टेरॉनपासून बनवतं; म्हणजे टेस्टोस्टेरॉनचा संबंध आहे, पण तेवढं एकच कारण नाही.

राहिली रक्ततपासणी. तेवढं बरोबर आहे, नाइलाजाने म्हणतो. ऑस्टिओपोरोसिस झालेल्या पुरुषात टेस्टोस्टेरॉन बघावं, पण कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, किडनी, लिव्हर यांच्या जोडीने. तेही सकाळी उपाशीपोटी, आणि कमी आलं तर दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा. दुपारी जेवून दिलेल्या एका नमुन्यावर कुणी जन्मभराचं औषध ठरवत नाही.

आणि हे डॉक्टर लपवतात म्हणे! ही तपासणी एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये उघड छापलेली आहे. त्याच सूचनांत हेही आहे की फ्रॅक्चरचा धोका जास्त असेल, तर टेस्टोस्टेरॉन चालू असतानाही हाडांचं सिद्ध झालेलं औषध जोडावं. हे मात्र मेसेजवाल्यानेच लपवलं.