जपांडीसाठी सागवानी कपाट विकू नका

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘जपांडी ही जपानची शेकडो वर्षं जुनी शैली. त्यात सागवान चालत नाही. जुनं फर्निचर विकून पांढरं घ्या.’ ते वाचून शेजारच्या काकूंनी सासूबाईंच्या कपाटाचा भाव विचारायला घेतला, म्हणून हे लिहितेय.

मी घरसजावटीचंच काम करते. ‘जपांडी’ हे घरसजावटीच्या शैलीचं नाव जपान आणि स्कँडिनेव्हिया (म्हणजे डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे) जोडून अलीकडे तयार झालंय. सागवानाचं म्हणाल, तर डेन्मार्कच्या फिन यूल आणि हान्स वेग्नर या फर्निचर डिझायनरांनी १९४०-५०च्या दशकांत सागवानातही खुर्च्या घडवल्या. आज त्या संग्रहालयांत जपून ठेवल्यात. जपानी वाबी-साबीत, म्हणजे जुनेपणात आणि अपूर्णतेत सौंदर्य पाहण्याच्या दृष्टीत, तर वापराच्या खुणांनाच मान. काकूंच्या कपाटाची पितळी कडी हात लागून लागून एका बाजूला उजळलीय. त्या घरातली सगळ्यात जपांडी जागा मला तीच वाटते! भिंतीही पांढऱ्याच हव्यात असं नाही, बदामी किंवा मातकट रंग छान दिसतो. आणि स्वस्तातलं पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा-चुरा दाबून केलेला पत्रा) आपल्या ठाण्याच्या पावसाळ्यात ओल लागली की फुगतं, हेही लक्षात घ्या.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.