थंडीने मोहोर येतो, आंबा नाही

दर उन्हाळ्यात परदेशातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर फिरतो. सार असं: खाल्लेल्या हापूसची कोय फेकू नका, ओल्या कागदात गुंडाळून रुजवा, कुंडीत लावा, तीन वर्षांत लंडन-टोरोंटोतही घरचा हापूस. खाली आधाराला तीन गोष्टी असतात. आंब्याला थंडी लागतेच, स्पेनमध्ये तो उघड्यावर पिकतो आणि जपानसारख्या थंड देशात तर जगातला सर्वांत महाग आंबा होतो. यातलं बरंच अर्धंमुर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटकन पटतं. लोक घरच्या मुलांना हाताशी घेऊन हौसेनं कोय लावतात आणि वर्षानुवर्षं फळाची वाट बघत राहतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून एकेक दावा तपासू.

“हापूसच्या कोयीतून हापूसच येतो.” नाही येत. हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागीभवनातून तयार झालेला असतो. पराग कुठल्या झाडाचा, कुणास ठाऊक. उगवेल ते रायवळ, म्हणजे कुठल्याच ठरावीक जातीचं नसलेलं झाड. देवगड-रत्नागिरीच्या बागांतलं हापूसचं झाड म्हणजे कलम, हे कोकणात वेगळं सांगावं लागत नाही. तिथे कोयी रुजवतात त्या खुंटासाठी, म्हणजे ज्यावर कलम बांधायचं त्या रोपासाठी: पावसाळ्याच्या तोंडाला रायवळ कोयी लावायच्या आणि रोपाची पानं तांबूस, खोड कोवळं असतानाच त्यावर हापूसची काडी बांधायची. हेच कोय कलम. काही जातींच्या कोयीत अनेक गर्भ असतात आणि त्यांची बहुतेक रोपं आईसारखी निघतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणि आग्नेय आशियात अशा जाती आहेत. हापूस त्यांतला नाही.

“तीन वर्षांत फळ.” ही मुदत फार तर कलमाची, तीही उबदार हवेत. कोयीपासून वाढवलेल्या झाडाला आपल्याकडेसुद्धा सहा ते दहा वर्षं सहज लागतात. थंड देशात त्यात आणखी भर पडते, कारण १५ अंशांच्या खाली आंब्याची वाढ जवळजवळ थांबते आणि डिसेंबरात लंडनला दिवसाचा उजेड जेमतेम ८ तास.

आता सगळ्यात फसवा दावा: “आंब्याला थंडी लागतेच.” लागते, पण मोहोरासाठी. रात्री १० ते १५ अंशांपर्यंत उतरल्या की पक्व फांदीच्या टोकाला पालवीऐवजी मोहोर फुटतो. तिथे थंडीचं काम संपतं. पुढे फुलातला पराग नीट तयार व्हायला, रुजायला आणि फळ धरायला ऊब हवी. थंडी लांबली तर मोहोरात संयुक्त (नर-मादी दोन्ही भाग असलेल्या, फळ धरणाऱ्या) फुलांपेक्षा नर फुलंच जास्त येतात, पराग कमकुवत राहतो, आणि धरलेली फळंही बऱ्याचदा बी न धरताच खुरटून गळतात. कोकणातल्या बागायतदाराला याचा अनुभव पुरेपूर आहे. पहिल्या मोहोराला वाटाण्याएवढी, सुपारीएवढी फळं लागलेली असतात, जानेवारीत थंडी वाढते आणि त्याच फांदीवर पुन्हा मोहोर येतो. झाडाचं अन्न या पुनर्मोहोराकडे वळतं, आधीची फळं गळून पडतात. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ त्यावर जिबरेलिक आम्ल या वाढ-संप्रेरकाची फवारणी सुचवतं. जिथे थंडी हा पाहुणा आहे तिथे ही गत, तर जिथे ती सहा महिने मुक्कामाला असते तिथे काय होईल?

दहिवराचं, म्हणजे गोठलेल्या दवाचं, तर बोलायलाच नको. कोवळं रोप शून्याखाली एखाद्या अंशाला करपून जातं. मोठं झाड उणे ४ च्या आसपास काही तास तग धरतं, पण मोहोर जातो. उत्तर भारतात लहान कलमांना हिवाळ्यात गवताचं छप्पर करून आग्नेयेची बाजू सकाळच्या उन्हासाठी उघडी ठेवतात. आंब्याच्या मुलखातच एवढी काळजी घ्यावी लागते.

“स्पेनमध्ये उघड्यावर पिकतो.” पिकतो, पण स्पेनमध्ये म्हणजे मुख्यतः दक्षिणेला मालागाच्या किनारपट्टीवर, आक्सार्किया भागात. मागे डोंगर उत्तरेचा वारा अडवतात, पुढे समुद्र, त्यामुळे दहिवर क्वचितच. जातही हापूस नव्हे, मुख्यतः फ्लोरिडात निघालेली ऑस्टीन, तीही कलमांवर, आणि काढणी सप्टेंबरच्या पुढे. माद्रिदला अशा बागा नाहीत.

“जपानच्या थंडीत मियाझाकी.” मियाझाकी हा जपानचा दक्षिणेकडचा, उबदार प्रांत. तरीही तिथला आंबा प्लॅस्टिकच्या हरितगृहात, हिवाळ्यात इंधन जाळून ऊब देऊन वाढवतात. जात आयर्विन, पुन्हा फ्लोरिडाचीच. प्रत्येक फळाला जाळी बांधतात आणि ते पिकून आपोआप त्यात पडेपर्यंत थांबतात. त्यातल्या निवडक फळांना ‘ताइयो नो तामागो’ (सूर्याचं अंडं) हे नाव मिळायला किमान ३५० ग्रॅम वजन आणि गोडीचा १५ चा अंक (रसात साधारण १५ टक्के साखर) लागतो. किमतीचे लाखांचे आकडे हंगामाच्या पहिल्या मानाच्या लिलावातल्या मोजक्या फळांचे असतात, रोजच्या बाजाराचे नव्हेत. म्हणजे हा आंबा थंडीत येत नाही. थंडी बाहेर ठेवण्यासाठी पैसा ओतला म्हणून येतो.

मग लंडन-टोरोंटोतल्या माणसानं आंबा लावूच नये? जरूर लावावा, पण कलम. तिथल्याच परवानाधारक रोपवाटिकेतून पिकरिंग किंवा कॉगशॉलसारखी बुटकी जात मिळते का पाहावं. गावाहून सामानात कलम किंवा कोय नेऊ नका. बहुतेक देशांत परवानगीशिवाय ते बेकायदा आहे, आणि हापूसच्या कोयीत राहणारा भुंगा आंब्याच्या बागा असलेल्या देशात पोहोचला तर तिथल्या बागांचं नुकसान आहे. रात्री १० अंशांच्या खाली जाऊ लागल्या की कुंडी आत घ्या. हिवाळ्यात पाणी अगदी बेतानं द्या, गार ओल्या मातीत मुळं कुजतात. दिवसाला दहा-बारा तास वाढदिव्याखाली (झाडांच्या वाढीसाठीच्या खास दिव्याखाली) ठेवा. मोहोर फुटला की खोली २० अंशांच्या वर ठेवा आणि मऊ कुंचला फुलाफुलांवरून फिरवा, कारण घरात माश्या-मधमाश्या नाहीत. पानांवर भुरी (पांढरी, पिठासारखी बुरशी) दिसली तर हवा खेळती करा. पहिल्या वर्षीचा मोहोर मात्र खुडून टाका. जीव तुटेल, पण झाड अजून फळ पेलण्याएवढं झालेलं नसतं.